औष्णिक वीजकेंद्रांचा नायट्रोजन ऑक्साइड : पर्यावरण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली.

विषय : नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा पुन्हा घनमीटरमागे 300 मिलिग्रॅम करण्याबाबत.

महोदय,

कोळशाच्या भट्टीत नायट्रोजन ऑक्साइड मुख्यतः दोन वाटांनी तयार होतो. कोळशातलाच नायट्रोजन जळतो. शिवाय तापमान साधारण 1300 अंश सेल्सिअसपलीकडे गेले की हवेतल्या नायट्रोजनचाही ऑक्सिजनशी संयोग होतो. धुरांड्यातून निघणारा वायू बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड असतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून धूर पाण्याने धुऊन भागत नाही. पुढे त्यातूनच जमिनीलगतचा ओझोन आणि फुफ्फुसात खोलवर जाणारे नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात.

पहिला उपाय भट्टीतच आहे. सुधारित बर्नर ज्वाळेच्या मुळाशी हवा मुद्दाम कमी देतो. ऑक्सिजन अपुरा पडल्याने कोळशातला बराच नायट्रोजन ऑक्साइड न होता साध्या नायट्रोजनच्या रूपात सुटतो. राहिलेली हवा वरच्या झरोक्यांतून सोडून ज्वलन पुरे केले जाते. हवा फारच घटवली तर कार्बन मोनॉक्साइड आणि राखेतला न जळलेला कोळसा वाढतो. त्यामुळे प्रत्येक संचाचे प्रमाण वेगळे बसवावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे भट्टीच्या वरच्या भागात, 850 ते 1100 अंशांदरम्यान, युरियाचे द्रावण किंवा अमोनिया फवारणे. तापमान कमी पडले तर अमोनिया तसाच निसटतो. फार वाढले तर त्याचाच नायट्रोजन ऑक्साइड होतो.

तिसरा उपाय उत्प्रेरकाचा. 300 ते 400 अंशांवर अमोनियामिश्रित धूर व्हॅनेडियमयुक्त ठोकळ्यांतून नेला की 80 ते 90 टक्के घट होते. पण भारतीय कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. ती ठोकळ्यांची बारीक छिद्रे बुजवते, कडा झिजवते. निसटलेल्या अमोनियापासून बनणारा चिकट क्षार एअर प्रीहीटरच्या पत्र्यांवर बसतो.

7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने घनमीटरमागे मर्यादा ठरवल्या : 2004 पूर्वीच्या संचांना 600 मिलिग्रॅम, 2004 ते 2016 मधल्यांना 300, त्यानंतरच्यांना 100. ऑक्टोबर 2020 मध्ये मधल्या गटाची मर्यादा 450 झाली. चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या केंद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटचे आठवा आणि नववा संच याच गटात येतात. तिथले जुने पाच संच 600 च्या मर्यादेत आहेत.

कमी भारावर संच चालताना 300 सातत्याने राखता येत नाही, ही वीज कंपन्यांची अडचण होती. ती खरी आहे, कारण अशा वेळी भट्टीत कोळशाच्या मानाने हवा जास्त जाते. मात्र सवलत कमी भारापुरती न राहता पूर्ण भारालाही लागू झाली. म्हणून मंत्रालयाने पूर्ण भारासाठी 300 ची मर्यादा पुन्हा आणावी, कमी भारासाठी मुदतीची वेगळी मर्यादा ठेवावी, आणि प्रत्येक धुरांड्याची मोजणी संचाच्या त्या वेळच्या भारासह जाहीर करणे सक्तीचे करावे.

कळावे,
एक नागरिक