डॉल्फिन पाहायला जाताना मुक्काम कुठे करावा?

बीडच्या कोरड्या हवेतून कोकणात डॉल्फिन पाहण्यास निघणाऱ्या ज्येष्ठांनी मुक्कामाची निवड खिडकीतून समुद्र किती दिसतो यावरून न करता आपल्या प्रकृतीवरून करावी.

दापोलीजवळचे मुरूड-कर्दे किनारे डॉल्फिनसाठी प्रसिद्ध आहेत. सकाळच्या शांत पाण्यात ते सहज दिसतात. म्हणून प्रकृती ठणठणीत असणाऱ्यांनी किनाऱ्यालगतच उतरावे. हृदयविकार वा दमा असल्यास मात्र उपजिल्हा रुग्णालय असलेल्या दापोली गावातच राहणे श्रेयस्कर. तेथून सकाळी वाहनाने किनारा गाठता येतो.

आरक्षणापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे: खोली तळमजल्यावर आहे का, शौचालयात कमोड व आधाराचा दांडा आहे का, वीज गेल्यास पंखा चालेल का? दमट हवेत घाम अधिक येतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. वाटेत पुण्यात एक रात्र विसावा घ्यावा.

होडीत बहुधा वाळूवरून, पाण्यात उतरून चढावे लागते. गुडघे साथ देत नसतील तर घरच्यांनी आग्रह धरू नये. हे डॉल्फिन किनाऱ्यानजीकच वावरतात. वाळूवर खुर्ची टाकून बसलेल्यालाही दुर्बिणीतून त्यांची पाठ कधी कधी दृष्टीस पडते.