आधी डोळे, मग चष्मा

रात्री रेल्वेच्या खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो आणि तिच्यातूनच बाहेरचे दिवेही दिसतात. साधी काच समोरून पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ८ टक्के भाग परावर्तित करते व उरलेला बहुतेक आरपार जाऊ देते. याच गुणाचा उपयोग करून लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर 'भूत' उभे केले. आजच्या 'मिश्र वास्तव' तंत्रातील काही चष्मे याच जातीचे आहेत. खरी वस्तू आरपार दिसते आणि संगणकाने रेखाटलेली प्रतिमा तिच्यावर येऊन बसते. डोके वळले की संवेदक ते टिपतात व प्रतिमा तेवढीच सरकवली जाते. म्हणून ती जागच्या जागी भासते.

अशी साधने आता वस्तुसंग्रहालयांत येत आहेत. त्यांनी पाहणाऱ्याची समज वाढते काय? माझ्या मते, चष्मा केव्हा लावला यावर ते अवलंबून आहे.

आपल्या चाळीसगावचेच उदाहरण घ्या. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे येथील घर आज कलादालन आहे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाश योजून त्यांनी विस्तीर्ण देखाव्यांची छायाचित्रे घेतली. वस्तू लहान व जवळ आहे, की मोठी व दूर, हे एका छायाचित्रातील आकारावरून ठरत नाही. दोन्ही डोळ्याशी सारखाच कोन करू शकतात.

समजा, तेथे चष्मा लावताच टेबलावरची मांडणी दिसू लागली. गंमत वाटेल, पण प्रश्न पडण्याआधीच उत्तर मिळेल. त्याऐवजी आधी पाच मिनिटे नुसते पाहा. सावल्या कोणत्या दिशेला आहेत? कोणता भाग अस्पष्ट आहे? दिवा कोठे असेल? आपला तर्क वहीत लिहा आणि मग चष्मा लावा. आता तोच चष्मा दिवा इकडेतिकडे हलवून सावल्या कशा बदलतात हे दाखवील. हे काम भिंतीवरचे चित्र करू शकत नाही.

आणखी एक अट हवी. नोंदींवरून कळलेले कोणते व चित्रकाराने कल्पिलेले कोणते, हे वेगळ्या रंगांत दाखवावे. नाहीतर अंदाजच पुरावा म्हणून मनात ठसेल.

शिक्षकांना विनंती, चष्म्यासाठी पैसे जमेपर्यंत सहल थांबवू नका. वर्गात एक टेबल, थोडी माती, चार काड्या व एक विजेरी घेऊन देखावा मांडा. तो स्वतः मांडणारा विद्यार्थी कलादालनात अधिक पाहील.