लिहिलं का त्यांनी?



कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘बाई आणि कायदा’ हे सत्र घ्यायचे म्हटले की आपण देसाईगंजपासून सुरुवात करतो. समाजकार्याच्या वर्गात मला तो खटला तसाच शिकवला गेला आणि मीही तसाच शिकवत आले. १९७२ ची घटना, १९७८ चा निकाल, १९७९ चे खुले पत्र, १९८० चे मोर्चे, १९८३ ची दुरुस्ती. फळ्यावर पाच साले लिहिली की आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मागे एका शिबिरात शेवटच्या रांगेतल्या एका वाडीवरच्या बाईने मला थांबवले. तिने विचारले, “ताई, पण त्या पोरीला रात्रीचं ठाण्यात बोलावलं कोणी? आणि बोलावणाऱ्याला शिक्षा काय झाली?”

माझ्याकडे उत्तर होते, पण ते मी कधी मोठ्याने सांगितलेले नव्हते. कोणालाच काही झाले नाही. या लेखात मला त्या प्रश्नाविषयीच लिहायचे आहे.

देश त्या खटल्याला ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखतो, म्हणून नाव एकदा लिहिले. अत्याचार झालेल्या बाईचे नाव छापणे हा १९८३ पासून गुन्हा आहे. तोपर्यंत तिचे नाव सगळीकडे पोचले होते. पुढे मी तिला ‘ती मुलगी’ एवढेच म्हणेन.

ती आदिवासी होती, आईबाप नव्हते, मजुरी करून पोट भरत होती. डॉक्टरांच्या अंदाजाने वय १४ ते १६. देसाईगंज तेव्हा चांदा जिल्ह्यात होते, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. भावाने तक्रार केली की बहिणीला फूस लावून नेले आहे. त्या तक्रारीवरून २६ मार्च १९७२ च्या रात्री तिला आणि इतरांना ठाण्यात बोलावले. साडेदहाच्या सुमारास जबाब संपले, बाकीच्यांना बाहेर काढले आणि तिला आत ठेवून घेतले. आत एका शिपायाने बलात्कार केला, दुसऱ्याने अंगाशी चाळे केले. बाहेर माणसे जमली, ठाणे पेटवून देण्याची भाषा झाली, तेव्हा कुठे फिर्याद लिहिली गेली. वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री.

१९७४ साली सत्र न्यायालयाने शिपायांना सोडले आणि तिलाच खोटारडी ठरवले. तिला शरीरसंबंधांची सवय होती, असेही म्हटले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र स्पष्ट सांगितले की भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. एका शिपायाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही. रात्री, बंद ठाण्यात, खाकी कपड्यातल्या दोन पुरुषांसमोर एका अनाथ मुलीने आरडाओरडा करायला हवा होता!

वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातला संमतीचा मुद्दा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दुसरा मुद्दा आपण विसरतो. त्यांनी विचारले होते की मुळात तिला ठाण्यात बोलावून अडकवून ठेवले, त्याबद्दल निकालपत्रात निषेधाचा एक शब्दही कसा नाही? बाईचा जबाब ती राहते तिथे जाऊन घ्यायचा, तिला ठाण्यात बोलवायचे नाही, हे तेव्हाही कायद्यात होते. म्हणजे चार अभ्यासकांनी १९७९ साली जे विचारले, तेच त्या बाईने शेवटच्या रांगेतून विचारले.

त्या मुलीमुळे कायदा बदलला हे खरे. १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर अशा खटल्यात न्यायालयाने तिचे म्हणणे धरून चालायचे, असा नियम आला. तिच्या चारित्र्याची उलटतपासणी करायची मुभा पुढे काढून टाकली गेली. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाबद्दल दोषी धरावे असे सांगितले. या प्रत्येक ओळीसाठी आपल्यातल्या बायांनी खस्ता खाल्ल्या आहेत. पण हे सगळे न्यायालयात उपयोगी पडते. आदिवासी बाईचा खटला बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, ठाण्याच्या पायरीवरच हरलेला असतो.

मी ज्या भागात काम करते तिथली एक गोष्ट सांगते. बाई ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती कातकरी. दिवाळीनंतर नवरा-बायको उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या मालकाच्या माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली. दुसऱ्या दिवशी ती पायी निघाली आणि वाडीवर आली. तिथून आम्ही ठाण्यात गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. ठाणे अंमलदारांनी मला खुर्ची दिली. “बसा मॅडम,” म्हणाले. तिला म्हणाले, “ए, तू तिकडं बस.” ती भिंतीशी उकिडवी बसली.

पहिला प्रश्न आला, “उचल किती घेतली होती?” पैसे बुडवायला हा कांगावा आहे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. मग म्हणाले, भट्टी आमच्या हद्दीत नाही. मी म्हटले, हद्द कुठलीही असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. मग म्हणाले, महिला अधिकारी रजेवर आहेत, उद्या या. मग म्हणाले, आत्ता साधा अर्ज देऊन ठेवा, चौकशी करतो. अर्ज आणि फिर्याद यांतला फरक तुम्हाला माहीत आहे, वाडीवरच्या बाईला नसतो. अर्जावर शिक्का मिळाला की तिला वाटते काम झाले. तो अर्ज फायलीत पडून राहतो, गुन्हा नोंदवला जातच नाही. शेवटी जातीचा दाखला मागितला. गुन्हा नोंदवताना दाखला जोडलाच पाहिजे असे कायद्यात कुठेही नाही, आणि ज्या वाडीत निम्म्या लोकांचे जन्म कुठेच नोंदवलेले नाहीत तिथे दाखला आणायचा कुठून?

मी बाहेर येऊन फोन करायची आणि आत जायची. दर वेळी ती एकच विचारायची, “लिहिलं का त्यांनी?”

उपअधीक्षकांच्या कार्यालयातून सांगणे आले तेव्हा, रात्री आठनंतर, लिहिले. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालय. तोवर अंगावरचा आणि कपड्यांवरचा पुरावा काय उरणार? उद्या बचावाचा वकील विचारेल, तक्रारीला उशीर का झाला? अकरा ते आठ ती भिंतीशी बसून होती, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाही.

आता खटला सुरू आहे आणि ती इथे नाही. दिवाळीनंतर पुन्हा कुठल्या तरी भट्टीवर गेली, कारण खायला लागते. समन्स बंद झोपडीवर येते. ‘साक्षीदार मिळून आली नाही’ असा शेरा मारून परत जाते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत साक्षीला येणाऱ्या बाईला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी असे लिहिले आहे. माझ्या अनुभवात ती मागितल्याशिवाय कोणी दिलेली नाही. आणि मागायची असते हे तिला कोण सांगणार?

हे एका अंमलदाराच्या स्वभावाचे दुखणे असते तर मी लेख लिहिला नसता. देशभर पाहा. तमिळनाडूतल्या वाचाथी या आदिवासी गावावर २० जून १९९२ रोजी वनखाते, पोलीस आणि महसूल खात्याची माणसे चंदनाच्या तस्करीच्या नावाखाली चालून गेली. अठरा बायांवर बलात्कार झाले. सरकारने आधी सगळे नाकारले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. आंध्रातल्या वाकपल्लीत २००७ साली अकरा कोंध बायांनी नक्षलविरोधी पोलीस पथकातल्या माणसांवर बलात्काराचा आरोप केला. २०२३ मध्ये सगळे आरोपी सुटले. तपासच नीट झाला नाही असे न्यायालयाने नोंदवले आणि बायांना नुकसानभरपाई देण्यास सांगितले. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी कुकी-झो बायांना जमावाने नग्न करून फिरवले. पोलिसांनी फिर्याद नोंदवली १८ मे रोजी. पहिली अटक झाली ती चित्रफीत १९ जुलैला देशभर पसरल्यानंतर. दोन महिने तो कागद ठाण्यात होता! नंतर तपासावर देखरेख ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमले. बाहेरून माणूस आणावा लागला, यातच सगळे आले.

ठिकाणे वेगळी, माणसे वेगळी, पण रीत तीच. लिहायचे नाही, लिहिले तर उशिरा, तपासले तर अर्धवट. आणि मग निकालात म्हणायचे, पुरावा पुरेसा नाही. जमीन, जंगल, मजुरी यांवर ज्यांची सत्ता त्यांचेच ठाण्यात उठणे-बसणे असते. मालक येतो तेव्हा चहा मागवला जातो. बाई येते तेव्हा तिला भिंत दाखवली जाते.

पोलीस सांगतात की माणसे कमी आहेत, काम फार आहे. ते खोटे नाही. पण माणसे कमी असताना मालकाची चोरीची तक्रार त्याच दिवशी लिहिली जाते ना?

कायद्यात उपाय नाही असेही नाही. बलात्काराची खबर न नोंदवणारा अधिकारी २०१३ पासून स्वतः गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम १९९ म्हणून आहे, सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगते. पण त्यात एक पाचर आहे. आधी प्रशासकीय चौकशी आणि तिची शिफारस. म्हणजे साहेबाची चौकशी साहेबांनीच करायची. शिवाय जबाब घेताना दुभाषा द्यावा ही तरतूद आहे, पण ती अपंग बाईसाठी. माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईचे म्हणणे शिपाई आपल्या मराठीत लिहितो, मराठीतच वाचून दाखवतो आणि अंगठा घेतो. उलटतपासणीत तिला विचारतात, “तू तर असं लिहून दिलं होतंस?”

वाचाथीने मात्र एक वेगळी गोष्ट दाखवली. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने जिवंत असलेल्या सर्व २१५ सरकारी आरोपींना दोषी ठरवले. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवल्या आणि त्यावेळचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्हा वनाधिकारी यांच्यावरही कारवाई करायला सांगितले. डोळेझाक करणाराही जबाबदार असतो, हे तिथे कागदावर आले. त्यासाठी एकतीस वर्षे लागली. त्या बाया हटल्या नाहीत आणि त्यांच्यामागे संघटना उभ्या राहिल्या, म्हणून ते झाले.

आता आपल्याविषयी. आपण निकालाच्या दिवशी फलक घेऊन उभ्या राहतो. पहिल्या दिवशी, ठाण्याच्या पायरीवर, आपल्यातली कोण असते? देसाईगंजला त्या रात्री जमलेल्या गावकऱ्यांनी जे केले, ते आजही दर वेळी करावे लागते.

म्हणून मला चार कामे सुचतात. बाई ठाण्यात जाईल तेव्हा बरोबर जा आणि पोचल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. अर्जावर समाधान मानू नका. फिर्यादीची प्रत फुकट मिळण्याचा तिचा हक्क आहे, ती हातात घेतल्याशिवाय उठू नका. नकार मिळाला तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा आणि त्यात कलम १९९ व कलम ४ खाली कारवाई मागा, उत्तर येवो न येवो. आणि आपापल्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात विचारा की आजवर कलम ४ खाली किती अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदला, आदिवासी बोलींचे दुभाषे किती नेमले, साक्षीदार बायांना प्रवासखर्च किती दिला. आलेली उत्तरे या अंकासाठी पाठवा, आपण छापू.

ती बाई मे महिन्यात परत येईल. आली की झोपडीच्या दारातूनच विचारणार आहे, “ताई, पुढं काय लिहिलं त्यांनी?” तेव्हा सांगायला माझ्याकडे काहीतरी असायला हवे.