आईची मांडी की आईची गोळी?

गळ्यात सोन्याची जाडजूड चेन, कपाळावर टिळा आणि आईला तोळ्यांचा हिशेब सांगणारा संजय दत्त... 'वास्तव'मधला हा सीन माहीत नसलेला मुंबईकर शोधून दाखवा! ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी त्याची मिमिक्री करतोच. आपणही हसून टाळ्या देतो. पण बॉस, हा सिनेमा हसण्यावारी नेण्यातला नाही.

महेश मांजरेकरचा 'वास्तव' आला १९९९ मध्ये. त्यातला रघू कुठला जन्मजात गुंड नाही. चाळीतला पोरगा, हाताला काम नाही, म्हणून मित्रांना घेऊन पावभाजीचा धंदा टाकतो. एका रात्री गिऱ्हाइकाशी बाचाबाची होते, प्रकरण हातघाईवर येतं आणि समोरचा मरतो. तो निघतो एका गुंडाचा भाऊ. झालं! जीव वाचवायला रघू टोळीत शिरतो आणि बघता बघता 'भाई' होतो.

आता आपल्या हिंदी सिनेमात वाट चुकलेल्या हीरोसाठी एक हुकमी सोय असते. आईची मांडी! 'दीवार' (१९७५) आठवा. विजय अख्खं आयुष्य स्मगलिंगमध्ये घालवतो आणि शेवटी देवळात आईच्या कुशीत डोळे मिटतो. 'अग्निपथ'चा (१९९०) विजयही मांडव्यात सूड पुरा करून आईच्या मांडीवरच जातो. तिने जवळ घेतलं की पापं धुतली, हिशेब मिटला. आपणही डोळे पुसत घरी.

मांजरेकर ही सोय काढून घेतो. सगळीकडून घेरलेला, डोकं ठिकाणावर नसलेला रघू आईकडेच येतो, मला सोडव म्हणून गयावया करतो. आणि आई त्याच्याच पिस्तुलाने त्याला गोळी घालते. त्याला सोडवायला तिच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नसतं.

योगायोग बघा. 'मदर इंडिया'त (१९५७) पोटच्या पोराला गोळी घालणारी आई होती नर्गिस आणि तो पोरगा सुनील दत्त. बेचाळीस वर्षांनी त्यांचाच मुलगा पडद्यावरच्या आईच्या हातून मरतो! पण नर्गिसने गोळी घातली ती गावच्या मुलीची अब्रू वाचवायला. रीमा लागूने घातली ती निव्वळ मायेपोटी. ही रीमा संजूपेक्षा जेमतेम वर्षाने मोठी. पण सिनेमा बघताना हे एकदाही मनात येत नाही. फिल्मफेअरची बाहुली संजूला मिळाली, ठीकच. अर्धी तरी रीमाची होती, असं आपलं माझं मत.

गंमत म्हणजे सिनेमा सुरूच होतो समुद्रकिनारी, रघूच्या श्राद्धाने. त्याचा छोटा मुलगा विचारतो आणि आजी गोष्ट सांगायला लागते. म्हणजे रघू सुटला, ती नाही सुटली. दर वर्षी तिला त्याच किनाऱ्यावर यायचंय. आईने माफ केलं की सगळं मिटतं, हा आपला लाडका फिल्मी समज. माफी तर तिने केव्हाच दिली असेल हो, पण पोरगा परत आणायचा कुठून?

तर या वीकेंडला पुन्हा लावा 'वास्तव'. आणि तो सोन्याच्या चेनचा सीन आला की या वेळी संजूकडे नको, आईकडे बघा.