वेग कंपनीचा, भुर्दंड कर्मचाऱ्याचा

न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर मुदतीत सोडवला नाही, तर त्याचा दंड दिवसागणिक वाढत जातो. बंदराचे डेमरेज वेगळे, जहाज कंपनीचे डिटेन्शन वेगळे. देशातील प्रमुख बंदरांमधून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार १९८९ साली सुरू झालेले हे एकटे बंदर उचलते. दरवर्षी नवनवी दुकाने उघडणाऱ्या किरकोळ विक्रीच्या साखळ्यांचा आयात मालही याच वाटेने येतो. दिवाळीच्या सेलची तारीख मुख्यालयात ठरते. पण जहाजाचा उशीर, कस्टम्सची तपासणी, ट्रेलरची रांग यांतले काहीच त्या तारखेला बांधील नसते. ही तफावत भरून काढायची ती उरण, द्रोणागिरी, पनवेलच्या कार्यालयांत कागदपत्रे हलवणाऱ्या तरुण मुलामुलींनी. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांदेखत होणारी खरडपट्टी, रविवारची ‘ऐच्छिक’ बैठक, रजा मागताच निष्ठेवर घेतली जाणारी शंका, या सगळ्याला आपण ‘साहेबांचा स्वभाव’ म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात धंद्यातली जोखीम पगारदाराच्या अंगावर ढकलण्याची ती एक पद्धत आहे, आणि तिला वाव आपल्या कायद्यानेच ठेवला आहे.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता; २०२५ मध्ये ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्यात आली. कामाच्या तासांची मर्यादा, जादा कामासाठी दुप्पट वेतन, साप्ताहिक सुट्टी हे सारे त्यात आहे. मात्र ‘गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय’ स्वरूपाच्या पदांना त्याच कायद्याने वगळले आहे. अशा पदांची यादी आस्थापनेने स्वतः जाहीर करायची असते. त्यामुळे नुकत्याच लागलेल्या मुलाला ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हटले, की त्याचे तास मोजण्याचे कारणच उरत नाही असे सहज भासवता येते. हाताखाली एकही माणूस नसलेला मॅनेजर झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत सर्वत्र आढळतो तो यामुळेच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस नऊवरून दहा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. पण ज्यांचे तास नोंदलेच जात नाहीत, त्यांच्यासाठी नऊ काय आणि दहा काय?

कागदावरचा कायदा किती पातळ असू शकतो, हे पुण्यात दिसले. जुलै २०२४ मध्ये ईवाय कंपनीतील २६ वर्षांच्या लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले. कंपनीने हा संबंध नाकारला. त्यानंतरच्या तपासणीत मात्र कामगार विभागाला आढळले, की ते कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालू होते. इतकी वर्षे तिथे कुणी तास मोजले असतील? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा अभ्यास सांगतो, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की घाम गाळल्याशिवाय कंपनी वाढत नाही आणि अशा कंपनीत तरुणांना बढतीही लवकर मिळते. मेहनतीला विरोध नाहीच. पण अपमानाने कंटेनर लवकर सुटत नाही. घाबरलेला कर्मचारी चूक लपवतो आणि दंड आणखी वाढतो. शिवाय माणसे टिकत नाहीत. एमआयटी स्लोनच्या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासात, लोक नोकरी सोडतात त्यामागे पगारापेक्षा विषारी कार्यसंस्कृतीचा संबंध दहापट अधिक आढळला. दुसरा आक्षेप, ‘पटत नसेल तर सोडा’. बंदर आणि सिडको यांच्यासाठी ज्या गावांनी भातशेती आणि मिठागरे दिली, तिथल्या मुलाला हे सांगणे निष्ठुर आहे. जमीन गेल्यावर नोकरी हाच त्याचा सातबारा असतो. तिसरा आक्षेप, नियम वाढले की उद्योग बाहेर जातील. पण माल उतरवायला खोल पाण्याचे, जवळच मुंबई-पुण्याची बाजारपेठ असलेले बंदर सोडून केवळ हजेरीच्या नोंदीपायी कोण जाईल?

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. हमालाची नोंद आणि मजुरी मंडळामार्फत होण्याची व्यवस्था १९६९ च्या माथाडी कायद्याने केली. अंगमेहनत करणाऱ्यांनी संघटित होऊन जे मिळवले, ते खुर्चीवर बसणारा स्वतःला कामगार न मानल्यामुळे गमावतो आहे. म्हणून पदनामावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून सूट ठरवावी आणि कंपन्यांच्या याद्या कामगार विभागाने तपासाव्यात. रात्रीचे संदेश आणि सुट्टीच्या बैठका कामाच्या तासांत धराव्यात. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० भारताने मान्य करावा. आणि उरण-पनवेलच्या तरुणांनी ‘मॅनेजर’ या बिरुदापेक्षा कामगाराचे हक्क मोलाचे मानून संघटित व्हावे. तारीख ठरवणाऱ्यानेच तिच्या उशिराचा भुर्दंड सोसला, तर तारखाही शहाणपणाने ठरू लागतील.