चाकावरची उभारी

‘खेळ’ या शब्दाला आपल्या बोलण्यात फारसे वजन नाही. ‘हा काय पोरखेळ आहे?’, ‘सगळा खेळखंडोबा झाला’, असे आपण म्हणतो, तेव्हा खेळ म्हणजे काहीतरी हलके, निरर्थक, वेळ वाया घालवणारे हाच भाव त्यामागे असतो. शिकणाऱ्याने खेळू नये, कमावणाऱ्याला खेळायला सवड नसावी आणि आजाऱ्याने तर खेळाचे नावही काढू नये, अशी आपली समजूत आहे. माझे मत याच्या उलट आहे. ज्याचे शरीर किंवा मन मोडले आहे, त्यालाच खेळाची गरज सर्वांत अधिक असते. अर्थात हे विधान वाटते तितके सरळ नाही. म्हणून प्रत्यक्ष घडलेल्या काही गोष्टींच्या आधारे ते तपासून पाहू.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ज्या सैनिकाच्या मज्जारज्जूला गंभीर इजा होई, त्याच्या जगण्याची आशा डॉक्टरही सोडून देत. कमरेखालचे अंग लुळे पडलेला रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत पडून राही. त्याला शय्याव्रण होत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई आणि बहुतेक जण त्यातच दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात फेब्रुवारी १९४४ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याची सूत्रे लुडविग गुटमान यांच्याकडे आली. गुटमान हे जर्मनीतील ज्यू डॉक्टर. नाझी राजवटीतून निसटून ते १९३९ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला आले होते. सर्वस्व गमावणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

त्यांनी केलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. त्यामुळे माणसे जगू लागली. मात्र जगलेल्या माणसाने पुढे करायचे काय, हा प्रश्न औषधाने सुटणारा नव्हता. गुटमान यांनी रुग्णांना सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशी कामे शिकवली आणि त्याबरोबर त्यांना खेळायला लावले. चाकांच्या खुर्चीत बसून काठ्यांनी चकती टोलवणे, चेंडू जाळीत टाकणे, धनुष्यबाण चालवणे. धनुर्विद्या तर या रुग्णांना फारच मानवली, कारण तिच्यात सारे काम खांद्यांचे, दंडांचे आणि पाठीचे. पायांचे जवळजवळ काहीच नाही. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्‌घाटन होत होते. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर सोळा अपंग स्त्री-पुरुषांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्या लहानशा स्पर्धेतूनच पुढे १९६० मध्ये रोम येथील सामने आणि आजची पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली.

या घटनेचे मर्म स्पर्धेच्या भव्यतेत नाही, असे मला वाटते. ते शोधायचे तर रुग्णालयातील खाट डोळ्यांसमोर आणावी लागेल. खाटेवर पडलेल्या माणसाचे सारे मोजमाप दुसरा कोणीतरी करतो. ताप किती, रक्तदाब किती, सुधारणा किती, हे त्याला इतरांकडून कळते. धनुष्य हाती घेतले की मोजमाप त्याच्या स्वतःच्या ताब्यात येते. काल बाण कोठे लागला होता आणि आज कोठे लागला, हे त्याला दिसते. उद्या तो थोडा आत लागावा अशी इच्छा त्याच्या मनात उगवते, आणि ‘उद्या’ हा शब्द त्याच्या आयुष्यात परत येतो. दीर्घ आजारात किंवा मोठ्या दुःखात माणसाचा सर्वांत आधी हरवतो तो हाच शब्द.

महाराष्ट्रातील सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांची कहाणी याच वाटेवरची आहे. ते सैन्यात होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्याची सारी ओळख पायांच्या चपळाईत आणि हातांच्या ठोशात होती, त्याच्या वाट्याला खाट आली. उपचारांचा एक भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाण्याचा एक गुण असा की ते शरीराचा बराचसा भार स्वतःवर घेते. जमिनीवर ओझे झालेले पाय पाण्यात तितके जड राहत नाहीत. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक सामन्यांत पेटकर यांनी पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणाचे अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होय. देशाने या पराक्रमाची दखल घ्यायला मात्र फारच विलंब लावला. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ मध्ये, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्याहूनही उशिरा, जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात पोहण्याने त्यांना जे दिले होते, ते पुरस्कार नसल्याने कमी झाले नव्हते. तरीही त्यामुळे समाजाची विस्मृती क्षम्य ठरते असे नाही.

सायकलीची गोष्ट थोडी निराळी आहे. सायकल ही व्यायामाचे साधन, खेळाचे साधन आणि पोट भरण्याचे साधन, असे तिन्ही आहे. ती तोल सांभाळते कशी हे पाहण्यासारखे आहे. नवशिक्या माणसाला वाटते की सायकल सरळ ठेवणे म्हणजे तोल. वास्तविक चालती सायकल क्षणभरही पूर्ण सरळ नसते. ती डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवावे लागते, उजवीकडे कलली की उजवीकडे. ज्या बाजूला पडत आहोत त्याच बाजूला वळायचे, हे बुद्धीला पटत नाही; घाबरलेला माणूस नेमके उलट करतो आणि आपटतो. शरीराला एकदा ही युक्ती उमगली की मग ती सहसा विसरली जात नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी पार्किन्सनच्या आजाराने ग्रासलेल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती, पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. त्याच माणसाला सायकलवर बसवले तर तो सफाईने सायकल चालवत असे, आणि उतरताच पाय पुन्हा खिळत. चालणे हरवले होते, सायकल शाबूत होती.

गुडघ्याच्या दुखापतीनंतर भौतिकोपचारात एका जागी स्थिर असलेली सायकल चालवायला सांगतात, त्याचेही कारण सोपे आहे. शरीराचा भार बैठकीवर राहतो, त्यामुळे सांध्यावर फार ताण न येता तो हलता राहतो आणि मांडीचे स्नायू बळकट होतात. मनाचेही असेच. नियमित व्यायामाने सौम्य आणि मध्यम स्वरूपाचे नैराश्य कमी होण्यास साहाय्य होते, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. तथापि, खोल निराशेत बुडालेल्या माणसाला ‘चल ऊठ, जरा खेळ, बरे वाटेल’ असे सांगणे हा उपचार नव्हे. तो काही वेळा क्रूरपणाच ठरतो. त्याला डॉक्टरही हवा, औषधही हवे आणि सोबतीला कोणीतरी माणूस हवा. खेळ हा औषधाशेजारी बसणारा आहे, त्याची जागा घेणारा नव्हे.

येथे दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की खेळाने चारित्र्य घडते हे म्हणणे भाबडेपणाचे आहे. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याला १९९६ मध्ये कर्करोग झाला. तो फुप्फुसांत आणि मेंदूतही पसरला होता. त्यातून तो बरा झाला आणि १९९९ ते २००५ या काळात ‘टूर द फ्रान्स’ ही अतिकठीण शर्यत त्याने सलग सात वेळा जिंकली. जगभरातील कर्करोग्यांना त्याच्या नावाने धीर वाटे. पुढे उघड झाले की हे विजय निषिद्ध औषधांच्या बळावर मिळवलेले होते. २०१२ मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३ च्या प्रारंभी त्याने स्वतःच कबुली दिली. त्याचे बरे होणे खरे होते, जिंकणे खोटे होते. या दोन गोष्टी आपण एकच समजलो, तेथे आपली गल्लत झाली. पुन्हा सायकलवर बसणे एवढेच ज्याला पुरे झाले असते, त्याला आपणच सर्वांच्या पुढे पाहू इच्छित होतो. खेळाने चारित्र्य आपोआप घडत नाही. खेळ माणसाला प्रामाणिक राहण्याची संधी देतो आणि फसवण्याचीही देतो.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. झारखंडच्या कोळसापट्ट्यात सायकलीवर दोनशे किलोच्या आसपास कोळसा लादून ती घाटरस्त्यांवरून मैलोन्‌मैल ढकलत नेणारे मजूर आहेत. सायकल तीच, घाम तोच, चिकाटीही कमी नाही. त्या श्रमांतून त्यांचे शरीर बळकट होत नाही, ते झिजते. मग सायकल माणसाला उभारी देते, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? मला याचे उत्तर असे दिसते : उभारी वाहनात किंवा श्रमात नसते. आपण आपल्या इच्छेने निघालो आहोत का, थकलो तर थांबू शकतो का आणि बरोबर कोणी आहे का, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते. कोळसा ढकलणाऱ्या मजुराला निवड करण्याची मोकळीक नाही आणि थांबण्याचीही नाही. त्याच्या चिकाटीचे गोडवे गाण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचा भार कसा उतरेल याचा विचार करणे अधिक योग्य.

याच कष्टकरी वर्गातील स्त्रियांच्या हाती सायकल आली, तेव्हा मात्र काही वेगळेच घडले. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै हा एक मागासलेला जिल्हा. १९९१ मध्ये तेथे ‘अरिवोळी’, म्हणजे ज्ञानाचा प्रकाश, या नावाने साक्षरतेची मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेतच स्त्रियांना सायकल शिकवण्याचा भाग जोडला. अक्षरे आणि सायकल यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. प्रौढपणी शिकायला बसलेल्या कोणालाही तो संबंध चटकन कळेल. दोन्हीकडे पहिली अडचण बुद्धीची नसते, लाजेची असते. लहान मूल पडले तर लोक त्याला उचलतात. तीस वर्षांची बाई पडली तर लोक हसतात. शिकायचे तर चारचौघांत पडण्याची तयारी ठेवावी लागते. पुदुक्कोट्टैच्या स्त्रियांनी ती ठेवली, कारण त्या एकेकट्या नव्हत्या. ज्यांना सायकल येई त्या दुसऱ्यांना शिकवत, त्यासाठी गाणी रचली गेली, सायकल घेण्यासाठी बँकांकडून कर्जे मिळाली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका अशा सुमारे एक लाख स्त्रिया सायकल चालवू लागल्या. टिंगल करणारे पुष्कळ होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे जवळून पाहून लिहून ठेवले आहे.

या स्त्रियांचा फायदा पैशांतही मोजता येत होता. बसची वाट पाहण्यात जाणारे तास वाचले, शेतमाल चार गावांत नेऊन विकता येऊ लागला, पाणी आणणे आणि मुलांना ने-आण करणे सोपे झाले. तथापि केवळ तेवढ्यासाठी त्या सायकलवर बसल्या, असे मानणे चुकीचे होईल. नवरा, दीर किंवा मुलगा सोडायला येईपर्यंत थांबण्याची गरज उरली नाही, यातला आनंद रुपयांत सांगता येत नाही.

त्या काळात तेथील दुकानांत बायकांच्या सायकली अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा स्त्रियांनी पुरुषांच्या सायकली विकत घेतल्या. काहींनी तर त्याच पसंत केल्या. बैठकीपासून हँडलपर्यंत जाणारा मधला दांडा त्यांना फार उपयोगाचा वाटला, कारण त्यावर मूल बसवता येत होते.