उसनी श्रद्धा आणि खरे समाधान



आपल्या पुरुषोत्तमनगरच्या परिसरात ऊस कोणास ठाऊक नाही? कांडे वरून कितीही टवटवीत दिसो, आत रस नसेल तर चरकातून केवळ चोथाच बाहेर पडतो. मनुष्याच्या धर्माचेही असेच आहे. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटणारा विद्यार्थी परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहू लागला, तर त्याची श्रद्धा उसनी होती असेच म्हणावे लागेल. माझे मत असे आहे की, ज्याचे अंतर व आचरण एक नाही, त्यास समाधान लाभणे शक्य नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मनास जे सत्य पटले ते त्यांनी उघडपणे पत्करले. परंतु त्याची झळ त्यांच्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, फार सोसावी लागली. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे अहमदनगरास आल्या, तरी केवळ पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे व जातिभेद यांचा विचार त्यांनी आपल्याच मनाशी केला, आणि खात्री पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हा विलंब मला दोषास्पद वाटत नाही. उलट तोच त्यांच्या श्रद्धेचा प्रामाणिकपणा होय. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास दुःखाच्या प्रसंगीही हसू शकणारी ही बाई भेटते. तिचे ते हसू उसने नाही.

टिळकही एका जागी थांबले नाहीत. मिशनच्या पगारी सेवेमुळे आपण देशबांधवांपासून दूर राहतो असे वाटल्यावरून १९१७ साली त्यांनी ती सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांस तेथे एकत्र आणावे, हा त्यांचा हेतु होता. ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. त्यात भर घालण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले.

कोणी म्हणेल, संतोष म्हणजे हातपाय न हलविणे. तसे नव्हे. संत पौल फिलिप्पैकरांस कळवितो की, आहे त्या स्थितीत तृप्त राहण्यास आपण शिकलो. आणि हे तो बंदिवासातून लिहितो. शिकावी लागते ती गोष्ट आळशास कशी साधेल? यत्न सोडणे म्हणजे संतोष नव्हे. दुसऱ्याच्या मापाने स्वतःस मोजणे सोडणे म्हणजे संतोष.

पालकहो, येथेच आपणा सर्वांची कसोटी आहे. शेजारच्या मुलाचे गुण सांगून आपण आपल्या मुलास हिणवितो, आणि मग तो खोटे बोलला म्हणून रागावतो! मी शिक्षक आहे. या दोषातून मीही सुटलो नाही. मुलाने "मला हे समजले नाही" असे निर्भयपणे सांगावे, एवढा विश्वास आपण त्यास देऊ या. धर्माच्या बाबतीतही त्याचा प्रश्न दडपू नये. दडपलेला प्रश्न मरत नाही. तो दंभ होऊन उगवतो.

आणि मित्रांनो, तुम्ही कोणत्याही घरचे असा, देवापुढे उभे राहताना जसे आहात तसेच उभे राहा. ख्रिस्ताने दांभिकांस खडसावले. परंतु आपली उणीव कबूल करून आलेल्यास त्याने कधी परत लाविले नाही.